आधी 'आम्ही' म्हणू या

मैत्रिणींनो, गावोगावच्या गटांत बसून ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांशी आम्ही बारा जणी बोलणार आहोत. आम्ही पुण्याहून बोलतोय. पर्वतीच्या पायथ्याशी जी दाटीवाटीची वस्ती आहे, तिथला आमचा बचत गट. आमच्यातल्या चौघी धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामं करतात, तिघी कचरा वेचायला जातात, दोघी भाजी विकतात, एक शिलाई करते, एक अंगणवाडीत मदतनीस आहे आणि एक घरी राहून नातवंडं सांभाळते. आज कागद एकीच्या हातात आहे, पण त्यावरचं बोलणं सगळ्यांचं आहे. म्हणून आम्ही 'आम्ही' असंच म्हणणार आहोत. असं का, ते पुढं येईलच.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आमची बैठक असते. बचत गोळा करायची, हप्ते लिहायचे, पेटीला कुलूप लावायचं आणि मग चहा. एका रविवारी नातवंडं सांभाळणाऱ्या आमच्या मावशी नातीची वही घेऊन आल्या. नात तिसरीत आहे. तिची आई दूर कामाला, वर्षातून दोनदा येते. शाळेत निबंध दिला होता, 'माझी आई'. पोरीनं वर झोकात नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुढचं सगळं पान कोरं. मावशी म्हणाल्या, "पोरगी मला विचारते, आजी, काय लिहू? मला तर काही सुचंना. तुम्ही सांगा."

कुणीच काही बोललं नाही. मग शिलाईवाली हळूच म्हणाली, "मीपण आजीकडंच वाढले." तिच्यामागून भाजीवाली बोलली. तिच्यामागून आणखी तिघी. बारातल्या पाच जणी आजी-आजोबांच्या घरी वाढलेल्या! नऊ वर्षं आम्ही एकत्र पैसे साठवतो, एकमेकींच्या बाळंतपणाला धावतो, आणि हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

कारणं पाचांची पाच. दोघींचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली असायची, कोयता बांधून टोळीबरोबर कारखान्याला निघायचं, आणि पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवायची. एकीची आई बाळंतपणात गेली. एकीचा बाप दारू पिऊन मारायचा, म्हणून मामा तिला उचलून घेऊन आला. आणि पाचवीच्या आईनं दुसरं घर केलं, त्या घरात पहिल्या घरची मुलगी चालणार नव्हती.

आजीनं जगवलं, हे पाचही जणी सांगतात. स्वतः पाणी पिऊन निजली, पण आम्हाला भाकरी दिली. आजोबांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. ते उपकार फिटायचे नाहीत. पण दुसरंही खरं आहे. आजीच्या घरात आम्ही कायम जपून राहिलो. दुसरी भाकरी मागताना मामीच्या तोंडाकडं बघितलं. शाळेच्या कागदावर बापाच्या सहीच्या जागी आजोबांचा अंगठा उमटला, की वर्गातली पोरं हसायची. वाटेत कुणी विचारायचं, "तू गं कुणाची?" तर नाव सांगून भागायचं नाही, सगळी कहाणी सांगावी लागायची. त्यातून एक सवय लागली, गप्प राहायची. गुणाची पोर कोण, तर जी काही मागत नाही, काही बोलत नाही ती. ती सवय लग्नानंतर सासरी उपयोगी पडली, कामाच्या घरी उपयोगी पडली. पण मैत्रिणींनो, गिळलेलं बोलणं पोटात पचत नाही. ते तसंच राहतं.

त्या दिवशी आम्ही मावशींची वही तशीच ठेवली. पण आमची अंगणवाडीवाली वाचनालयातून पुस्तकं आणते. पुढच्या बैठकीला ती एक पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "आजीच्या घरी वाढलेल्या एका बाईनं लिहिलंय. आपल्यासारखीच आहे, किराणा दुकान चालवायची." पुस्तकाचं नाव 'जिणं आमुचं'. लिहिणारीचं नाव बेबी कांबळे. आम्ही त्यांना बेबीताई म्हणतो. पुढच्या कित्येक बैठकींत आम्ही ते थोडं थोडं मोठ्यानं वाचलं. आज त्यांचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, वीरगावचा. ते त्यांचं आजोळ. लहानपणाची पहिली वर्षं त्यांनी तिथं, आजी-आजोबांपाशी काढली. वडील कामांचे ठेके घ्यायचे, आज इथं तर उद्या तिथं. हाताचे सढळ, पण त्यांनी बायकोला घराबाहेर पडू दिलं नाही. बाईनं उंबरा न ओलांडणं यातच घराची इभ्रत, असं मानायचा तो काळ.

आजोळी बेबीताईंचे लाड झाले. पण ते आजोळ गावाबाहेरच्या महारवाड्यात होतं. तिथली गरिबी, उपासमार, रोगाची साथ आली की एकामागून एक उठणारी माणसं, गावाची राबणूक करून वर मिळणारी शिळी भाकरी, सवर्ण समोरून आला की रस्ता सोडून खाली बघत उभं राहणं, हे सगळं त्या मुलीनं आजीच्या पदराआडून बघितलं. आषाढ महिन्यातली धामधूम बघितली. अंगात येणाऱ्या बायका बघितल्या. कोवळ्या सुनांचे होणारे हाल बघितले. लहान पोर कोपऱ्यात बसलेली असते, तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. पण तिचं लक्ष सगळ्यांकडं असतं. आम्ही पाच जणी वाचताना इथंच थांबलो. कारण ही कोपऱ्यात बसून बघणारी पोर आम्हाला ओळखीची वाटली.

पुढं बेबीताई फलटणला आल्या. शाळेत गेल्या, तिथं त्यांना आणि त्यांच्यासारख्या मुलींना वेगळं बसवलं जायचं. चौथीपर्यंत शिकल्या. त्याच काळात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं वारं घरोघर शिरलं होतं. जेजुरीला बाबासाहेबांनी भाषण केलं, त्याचा मोठा परिणाम बेबीताईंनी पुस्तकात लिहून ठेवला आहे. मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका, देवाच्या नावानं लेकरं सोडू नका, पोरांना शाळेत घाला, आणि हे काम बायांनी अंगावर घ्यावं, असा त्या शिकवणीचा सांगावा होता. बायांना कुणीतरी विचारतंय, हीच त्या वेळी केवढी मोठी गोष्ट होती.

तेराव्या वर्षी लग्न झालं. हाताला काम नाही, घरात खाणारी तोंडं. बेबीताईंनी सुचवलं, आपण काहीतरी विकू या. द्राक्षं आणून सुटी विकली. त्यात चार पैसे सुटले. मग भाजी आली, मग मीठ, तेल असं करत किराणा दुकान उभं राहिलं. मैत्रिणींनो, तुमच्यातल्या किती जणींनी असंच केलंय, नाही का? शेवयांपासून सुरू केलं आणि आज गिरणी टाकली.

आता ऐका, पुढं काय झालं. दुकानात माल बांधून द्यायला रद्दी यायची. जुनी वर्तमानपत्रं, फाटकी पुस्तकं. पुडी बांधायच्या आधी बेबीताई तो कागद वाचायच्या. वाचता वाचता भूक वाढली. वाचनालय लावलं. आणि मग त्यांनी लिहायला घेतलं. नवरा माल आणायला बाहेर गेला, गिऱ्हाईक नसलं, की दुकानात बसून लिहायचं. पाऊल वाजलं की वही लपवायची. घरात जिथं कुणाचा हात जाणार नाही अशा सांदीकोपऱ्यात, धुळीत ती वही पडून राहायची. एक-दोन वर्षं नाही, वीस वर्षं! वीस वर्षं एक बाई लिहीत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई राहायच्या. मूळच्या अमेरिकेतल्या, मराठी शिकून इथल्याच झालेल्या. त्यांना बेबीताईंचं लिखाण कळलं आणि त्यांनी हे छापायला हवं असा आग्रह धरला. १९८२ साली ते क्रमशः छापून आलं, ते आमच्या पुण्याहून निघणाऱ्या 'स्त्री' मासिकात. तेव्हा बेबीताई ५३ वर्षांच्या होत्या. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. १९९१ मध्ये ते फ्रेंच भाषेत गेलं, २००८ मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं. पुडीच्या कागदावर वाचायला लागलेल्या बाईचं पुस्तक आज परदेशातल्या कॉलेजातही शिकवलं जातं.

आम्ही वाचत होतो तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "अगं, ही बाई 'मी' कमी म्हणते आणि 'आम्ही' जास्त म्हणते." खरंच तसं आहे. पुस्तकाचं नावच बघा ना. 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं'. त्यांनी आपल्या समाजाचं दुःख सांगितलं. आणि नुसतं बाहेरच्यांनी काय केलं तेवढंच नाही सांगितलं, आपल्याच घरातल्या सासवा सुनांना कशा छळायच्या, नवरे कसे मारायचे, तेही झाकलं नाही. त्याबद्दल बोलणी खावी लागतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमच्या पुण्यात ही 'आम्ही' म्हणायची रीत जुनी आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. वय वर्षं १४. मांग म्हणून हिणवलेल्या समाजातली. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिनंही आपल्या एकटीचं गाऱ्हाणं मांडलं नाही. आपल्या माणसांचं मांडलं, बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसतं हेही मांडलं.

असं का होत असेल? आम्ही यावर खूप बोललो. आम्हाला वाटतं ते असं. ज्या पोरीला लहानपणी कुणी विचारलं नाही, "तुला काय वाटतं?", तिला मोठेपणी 'मी' म्हणायची लाज वाटते. माझं एवढं काय विशेष, असं वाटतं. माझं सांगितलं तर माझीच माणसं उघडी पडतील, असंही वाटतं. पण 'आम्ही' म्हटलं की जीभ सुटते. आजूबाजूला चार जणी उभ्या आहेत असं वाटतं. पाय थरथरत नाहीत.

आणि हे आपल्या आज्यांना माहीत होतं! जात्यावर बसून त्या काय करायच्या? पहाटे घर झोपलेलं, दोघी समोरासमोर, खुंटा धरलेला. जे दिवसा कुणाला सांगता येत नव्हतं, ते ओवीत सांगायच्या. माहेर, सासर, लेकरू, भाऊ, नवऱ्याचा राग, सवतीचं दुःख, पंढरीचा विठोबा, नंतर नंतर तर बाबासाहेबसुद्धा. एकीनं उचललेली ओवी दुसरी पुढं न्यायची. ती कुणा एकीची नसायची, म्हणून कुणा एकीवर आळ यायचा नाही. दळण सगळ्यांचं, तसं गाणंही सगळ्यांचं.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. हाताचे कष्ट वाचले, चांगलंच झालं. पण गाण्याची ती पहाटेची जागा गेली. तेव्हा पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी, गावातल्या कार्यकर्त्या बायांना सोबत घेऊन, या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. आधी मुळशी-मावळच्या डोंगरात, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! लिहायला न येणाऱ्या बायांनी रचलेल्या. आणि गंमत बघा, बेबीताईंचं पुस्तक ज्यांनी फ्रेंचमध्ये नेलं, ते हेच गी पॉयटवँ. जात्यावरची ओवी आणि दुकानातली वही या दोन्हींचं मोल त्यांना कळलं होतं.

आता जरा अवघड गोष्ट सांगतो. ती गाळून पुढं जाणं बरोबर नाही.

बेबीताईंनी समाजाचं सगळं सांगितलं, पण त्यांना स्वतःला नवऱ्याचा मार खावा लागला, संशय सोसावा लागला, हे त्यांनी पुस्तकात उघडपणे मांडलं नाही. ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, माया पंडितांनी मुलाखत घेतली तेव्हा सांगितलं. समाजाच्या दुःखापुढं आपलं एकटीचं दुःख त्यांना लहान वाटायचं. हे वाचून आमच्या गटात वाद झाला. दोघी म्हणाल्या, "बरोबर केलं, घरचं घरात राहावं." दोघी म्हणाल्या, "मग वीस वर्षं वही कुणाच्या भीतीनं लपवली, तेच सांगायचं राहिलं की!" आम्हाला दोन्ही बाजू पटतात. 'आम्ही' म्हटल्यानं आवाज फुटतो, पण कधी कधी त्याच 'आम्ही'च्या आड 'मी' लपून बसते. तिच्यासाठी दार उघडं ठेवायला हवं. ओढून बाहेर काढायचं नाही, आणि दाराला कडीही घालायची नाही.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं, त्याहून जास्त आमच्या एका मैत्रिणीमुळं कळलं. रेडिओच्या ताई आमच्याकडं आल्या, म्हणाल्या, "आजीकडं वाढलेल्या कुणी बोलाल का?" आमची स्वयंपाकाची कामं करणारी मैत्रीण तयार झाली. हीच ती पाचवी, जिच्या आईनं दुसरं घर केलं. ती फार छान बोलते. भांडी घासता घासता अशा गोष्टी रचून सांगते की हसून पुरेवाट व्हावी. पण माइक पुढं आला आणि तिचा आवाज बसला. पाणी प्यायली, पुन्हा बसली. तोंडातून शब्द नाही. तिसऱ्यांदा ती उठूनच गेली.

नंतर ओट्यावर बसून तिनं सांगितलं, "माझी आई अजून आहे. गावाला असते. तिच्याकडं रेडिओ आहे, ती हा कार्यक्रम ऐकते. मी सांगितलं तर तिला लागेल. ती तरी काय करणार होती? विधवा होती, वय वीस, भावांनी लावून दिलं. पण नाही सांगितलं तर माझ्या घशात अडकलंय ते कुठं जाईल? रोज संध्याकाळी मी आजीच्या दारात बसून रस्त्याकडं बघायचे, ते कुणाला सांगू?"

तिला काय उत्तर द्यावं हे आम्हाला कळलं नाही. आम्ही तिच्या शेजारी बसलो, एवढंच. मग शिलाईवाली म्हणाली, "रेडिओवर नको सांगू. मला सांग, मी लिहिते." तीन रविवार ती सांगत होती आणि शिलाईवाली लिहीत होती. जसं बोलली तसंच, एक शब्द न बदलता. ती वही आज आमच्या गटाच्या पेटीत आहे, पासबुकाच्या खाली. तिनं अजून कुणाला ती वाचू दिलेली नाही. तुम्हाला आत्ता जेवढं सांगितलं, तेवढं तिला विचारून सांगितलं. आईशी ती आधी बोलली, मगच हो म्हणाली. बाकीचं कधी बाहेर काढायचं, काढायचं की नाही, ते ती ठरवील. पण एक फरक पडला. भांडी घासताना आता ती गाणी रचते आणि बिनधास्त म्हणते, "हे माझं आहे हं, मी केलंय."

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात अशा असतील. नक्की असतील. आम्ही जे शिकलो, ते तुमच्यापुढं ठेवतो.

बैठक संपल्यावर अर्धा तास राखून ठेवा. सुरुवात दुःखापासून करू नका. साध्या गोष्टीपासून करा. आजीच्या घराला वास कसला यायचा? आमच्यात एक म्हणाली मिश्रीचा, एक म्हणाली शेणानं सारवलेल्या भुईचा, एक म्हणाली आजोबांच्या घोंगडीचा. जेवायला पहिल्यांदा कुणाला वाढायचे? तुमचं अंथरूण कुठं असायचं? तिथून बोलणं आपोआप पुढं जातं. आणि सुरुवात 'आम्ही'नं करा. "आम्ही पोरं काय करायचो," असं.

जिला लिहिता येत नाही, तिनं बोलायचं आणि दुसरीनं लिहायचं. भाषा सुधारायला जाऊ नका. 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहा. लिहून झालं की तिला वाचून दाखवा. ती म्हणाली खोडा, तर खोडा. फोनवर आवाज भरला असेल तर तिला न विचारता तो कुणाला पाठवू नका, गटाच्या ग्रुपवरसुद्धा नाही. हा नियम आम्ही बचतीच्या नियमांइतकाच कडक ठेवलाय.

कुणी रडली तर लगेच "रडू नको" म्हणू नका. थांबा, पाणी द्या. "विसरून जा, किती जुनं झालं," असंही म्हणू नका. जुनं झालं असतं तर ती रडली असती का? आणि एखादीला झोपच लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते एकट्या गटाचं काम नाही. टेलिमानस म्हणून सरकारची फोन सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीतून बोलता येतं. तिच्या शेजारी बसून तो लावून द्या.

आता दोन शब्द तुमच्यातल्या आज्यांसाठी. आज गावोगाव किती नातवंडं आजीपाशी आहेत! पोरं-सुना तोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला. तुम्ही त्यांना जगवताय, न्हाऊ-माखू घालताय, या वयात पुन्हा दप्तर शोधताय. तुम्हाला शिकवायला आम्ही कोण? पण आम्ही त्या नाती आहोत, म्हणून नातीकडून सांगतो. आमच्या आजीनं आम्हाला सगळं दिलं, फक्त एक विचारायचं राहिलं. दिवसातून एकदा, निजताना, तिला विचारा, "आज तुला काय वाटलं गं?" ती काही नाही म्हणेल. उद्या पुन्हा विचारा. तिच्या आईबापाला तिच्यासमोर नावं ठेवू नका. राग खरा असला तरी तिला त्यातलं अर्धं अंग आपलंच वाटतं. आणि तिला तुमची गाणी द्या. तुम्हाला येणारी ओवी, म्हण, कहाणी, उखाणा. तुम्ही म्हणाल, आता कोण ऐकतंय? ती ऐकते. कोपऱ्यात बसून सगळं ऐकते.

बेबीताई २०१२ साली गेल्या. जाण्याआधी त्यांनी आणखी एक काम केलं होतं. फलटणजवळ निंबुऱ्याला त्यांनी मागास घरांतल्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. आजीच्या घरी वाढलेल्या मुलीनं किती लेकरांना घर दिलं. पुस्तकाइतकंच हे कामही आम्हाला मोठं वाटतं.

आणि हो, त्या वहीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मावशींनी नातीला सांगितलं, "आई हाच विषय धरून बसू नको. तुझ्या ध्यानात जे येईल ते लिही." पोरगी दोन दिवस वही घेऊन माळ्यावर बसली होती. पान भरलं. काय लिहिलं ते मावशींनी वाचलं नाही, कारण पोरीनं दाखवलं नाही. मावशींनी विचारलं, "दाखवतेस का?" ती म्हणाली, "आत्ता नाही." मावशी म्हणाल्या, "बरं. मी इथंच आहे."

आज एवढंच. तुमच्या गटात काय झालं ते रेडिओच्या ताईंना कळवा, सांगण्यासारखं असेल तेवढंच कळवा. आम्ही वाट बघतो.